मधाच्या बरणीतले रक्त

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एका शाळेत चौथीच्या मुलांना वर्गात चित्रपट दाखवण्यात आला. निवड मुलांचीच होती. नाव ओळखीचे होते, नावातले अस्वलही ओळखीचे होते, त्यामुळे शिक्षकांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. वीस-तीस मिनिटांनंतर तो बंद करण्यात आला, तोवर नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी पडद्यावर व्हायचे ते सारे पाहिले होते. पालक संतापले आणि बातमी देशभर गेली. तो चित्रपट होता ‘विनी-द-पू : ब्लड अँड हनी’. मधासाठी हावरट, बुद्धीने बेताचे पण मनाने निर्मळ असे जे अस्वल जवळजवळ शंभर वर्षे मुलांच्या उशाशी झोपत आले, ते या चित्रपटात माणसे मारत हिंडते.

रीस फ्रेक-वॉटरफिल्ड या ब्रिटिश दिग्दर्शकाने हा चित्रपट अवघ्या दहा दिवसांत चित्रित केला. खर्च एक लाख डॉलरच्याही आत होता, असे सांगितले जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत तो प्रदर्शित झाला आणि जगभरातून पन्नास लाख डॉलरहून अधिक गल्ला त्याने जमवला. समीक्षकांनी त्याची यथेच्छ निर्भर्त्सना केली. पुढच्या वर्षी वाईट चित्रपटांना उपरोधाने देण्यात येणाऱ्या ‘रॅझी’ पुरस्कारांपैकी सर्वात वाईट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा यांसह पाच पुरस्कार त्याच्याच वाट्याला आले. गुंतवणुकीच्या पन्नासपट रक्कम हाती आल्यावर अशा पुरस्कारांचे कोणाला वाईट वाटणार? २०२४ मध्ये दुसरा भाग आला, त्याला पहिल्यापेक्षा पुष्कळ अधिक पैसा मिळाला होता. त्याच मंडळींच्या मालिकेत २०२५ मध्ये पीटर पॅन आणि बांबी यांच्यावरील भयपटही दाखल झाले.

हे घडू शकले ते कायद्यातील एका तारखेमुळे. ए. ए. मिल्न यांचे ‘विनी-द-पू’ हे पुस्तक ऑक्टोबर १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील कायद्यानुसार त्या काळातील प्रकाशित कृतींना ९५ वर्षांचे संरक्षण मिळते. ही मुदत मुळात इतकी लांब नव्हती. १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ती आणखी वीस वर्षांनी वाढवली. मिकी माऊसवरील हक्क संपत आल्याने डिस्ने कंपनीने या वाढीसाठी जोर लावल्याचे तेव्हा उघडपणे बोलले जाई आणि त्या कायद्याला ‘मिकी माऊस कायदा’ असे टोपणनावही पडले. त्याला आव्हान देणारा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००३ मध्ये सात विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने वाढ वैध ठरवली. परिणामी जवळजवळ वीस वर्षे मुदत संपून एकही जुने पुस्तक वा चित्रपट अमेरिकेत सार्वजनिक मालकीत आला नाही. बांध फुटला तो १ जानेवारी २०१९ रोजी. तेव्हापासून दर नववर्षदिनी एकेका वर्षाचे साहित्य मोकळे होत आहे. पूचे पहिले पुस्तक १ जानेवारी २०२२ रोजी मोकळे झाले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात अस्वलाचा मुखवटा चढवलेल्या मारेकऱ्याची छायाचित्रे इंटरनेटवर झळकली.

मोकळे झाले म्हणजे नेमके काय झाले, हे पाहणे मनोरंजक आहे. मोकळी झाली ती फक्त १९२६ च्या पुस्तकातील पात्रे. उड्या मारणारा टिगर हा वाघ १९२८ च्या ‘द हाऊस अॅट पू कॉर्नर’मध्ये अवतरला, म्हणून पहिल्या चित्रपटात तो नाही. १ जानेवारी २०२४ उजाडताच मात्र दुसऱ्या भागात तो नखे परजत हजर झाला. पूचा प्रसिद्ध लाल सदरा मूळ पुस्तकातला नव्हेच. १९३० मध्ये व्यापारी हक्क विकत घेणारे स्टीफन स्लेसिंजर यांनी तो त्याला १९३२ मध्ये घातला आणि १९६१ मध्ये हक्क मिळवणाऱ्या डिस्नेने तो जगभर पोहोचवला. त्यामुळे नव्या चित्रपटकर्त्यांना वकिलाच्या चष्म्यातून पात्रे रंगवावी लागली. कोणता सदरा चालेल, कोणता आवाज चालणार नाही, कोणता मित्र अजून दोन वर्षे बंदिस्त आहे, याचा हिशेब पटकथेच्या आधी मांडला गेला. १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’ या लघुपटातील मिकी माऊस १ जानेवारी २०२४ रोजी मोकळा झाला आणि त्याच दिवशी मिकीचा मुखवटा घातलेल्या खुन्याच्या चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली. २०२५ उजाडले आणि १९२९ चा पॉपाय मोकळा झाला. पाठोपाठ पॉपायचे भयपट. बालवाङ्मयाच्या इतिहासात एवढी वक्तशीर प्रेरणा क्वचितच कोणाला झाली असेल!

या वक्तशीरपणामागचे अर्थकारण सरळ आहे. कमी खर्चाच्या भयपटाला सर्वात महाग पडते ती ओळख. नवे भूत, नवा खुनी लोकांना माहीत करून देण्यासाठी जाहिरातीवर जो खर्च होतो, तो चित्रपटाच्या खर्चाहूनही अधिक असू शकतो. पू, मिकी किंवा बांबी यांची ओळख मात्र आधीच जगभर झालेली असते, तीही दुसऱ्याच्या पैशाने. निर्मळ अस्वलाच्या हाती सुरा दिला की उरलेली जाहिरात वर्तमानपत्रे फुकट करतात. ‘ब्लड अँड हनी’ मुळात चित्रपटगृहांसाठी बनवलेलाच नव्हता. त्या छायाचित्रांवरून गदारोळ झाला आणि मग चित्रपटगृहे त्याच्यासाठी धावून आली. ज्यांना हा प्रकार किळसवाणा वाटला त्यांनीच त्याला सर्वाधिक हातभार लावला, हे यातले कडू सत्य आहे.

अशा चित्रपटांवर होणारा नेहमीचा आक्षेप असा, की बालपणाचे पावित्र्य विटाळले गेले. तो आक्षेप भाबडा आहे. मुलांच्या अभिजात कथा पवित्र कधीच नव्हत्या आणि निर्भय तर नव्हत्याच. १६९७ मध्ये फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी लिहिलेल्या कथेत लाल टोपडेवाली मुलगी लांडग्याच्या पोटात जाते आणि कथा तेथेच संपते; तिला बाहेर काढायला कोणी येत नाही. जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये पहिला संग्रह काढला, तेव्हा हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. पुढच्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना दुष्काळात रानात सोडून देणारी आईही अशीच कालांतराने सावत्र बनवली गेली. मातृत्वाला धक्का लागू नये म्हणून सावत्र आईच्या माथी मारलेले हे पाप तिच्या नावावर आजतागायत आहे. इटलीत कार्लो कोलोदी यांनी १८८१ पासून मुलांच्या नियतकालिकात पिनोकिओची गोष्ट क्रमशः लिहिली. तिच्यात तो लाकडी पोर शहाणपण शिकवणाऱ्या बोलक्या रातकिड्याला हातोडा फेकून मारून टाकतो आणि पंधराव्या प्रकरणात स्वतः झाडाला फाशी जातो. लेखकाने कथा तेथेच संपवली होती. बालवाचकांनी हट्ट धरला, म्हणून पिनोकिओ पुन्हा जिवंत झाला. जे. एम. बॅरी यांच्या १९११ च्या कादंबरीत तर पीटर पॅन आपल्या टोळीतील मुले मोठी होऊ लागली की त्यांची संख्या कमी करतो, असे सहज जाता जाता सांगितले आहे. कशी कमी करतो, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचे.

बांबीची कथा तर आणखी बोलकी आहे. डिस्नेच्या १९४२ च्या चित्रपटामुळे बांबी म्हणजे मोठ्या डोळ्यांचे गोजिरवाणे पाडस, असे समीकरण रूढ झाले. मूळ कादंबरी व्हिएन्नातील ज्यू लेखक फेलिक्स साल्टेन यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी लिहिली ती मुलांपुरती नव्हती. तिच्यातील जंगल सतत दबा धरून बसलेल्या मृत्यूचे आहे. माणूस तेथे केव्हाही येतो आणि टिपून मारतो. शेवटाकडे वृद्ध हरीण बांबीला गोळी लागून मेलेल्या एका चोरट्या शिकाऱ्याचे प्रेत दाखवते. माणूसही आपल्यासारखाच मरतो, तो सर्वशक्तिमान नाही, हे पाडसाला कळावे म्हणून! नाझी राजवटीने या पुस्तकावर बंदी घातली. साल्टेन यांना मायदेश सोडावा लागला आणि १९४५ मध्ये झुरिच येथे त्यांचे निधन झाले. चित्रपटाचे हक्क त्यांनी एक हजार डॉलरला विकले होते. २०२५ च्या भयपटात बांबी विषारी कचऱ्यामुळे राक्षसी झालेला, माणसांची शिकार करणारा वळू-हरीण होतो. सूड समजण्याजोगा आहे. पण साल्टेन यांच्या एका शांत प्रेतासमोर त्या साऱ्या आरडाओरड्यात भय ते कितीसे?

प्रश्न भयाच्या असण्या-नसण्याचा नाही, ते कोणाचे आहे याचा आहे. लोककथेतील भय मुलाचे स्वतःचे असते. आईबाप टाकून देतील, खायला मिळणार नाही, अनोळखी माणूस गोड बोलून नेईल, आपण मोठे होऊ आणि सारे बदलेल, ही ती भये. लेकीकडून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. तिच्या वाटेवरही तिला खायला टपलेला वाघ आहेच आणि चिऊताईच्या घरी गेलेल्या कावळ्याला तापल्या तव्याचा चटका बसतोच. ऐकणारे मूल घाबरते आणि पुन्हा सांग म्हणते, कारण सांगणारे माणूस जवळ असते आणि गोष्ट कोठे जाणार हे त्याला ठाऊक असते. सुरेबाजीच्या भयपटात भय मुलाचेही नसते आणि पात्राचेही नसते. असतो तो केवळ हिंसेचा क्रम. मुखवटा पूचा ऐवजी सशाचा वा विदूषकाचा असता तरी त्यातील एकही प्रसंग बदलावा लागला नसता.

खेदाची गोष्ट अशी, की ‘ब्लड अँड हनी’च्या आरंभी खऱ्या कथेचे बीज होते. ख्रिस्तोफर रॉबिन मोठा होतो, शिकायला निघून जातो आणि मागे राहिलेले प्राणी हिवाळ्यात उपाशी मरू लागतात. भुकेपोटी ते आपल्यातील ईयोर या गाढवाला खातात आणि माणसांविषयीच्या द्वेषाने बोलणे कायमचे सोडून देतात. ही कल्पना मिल्न यांच्या पुस्तकाशी इमान राखणारी आहे. १९२८ च्या दुसऱ्या पुस्तकाचा शेवट मुलाच्या निरोपाचाच आहे. तो आता मोठा होणार आणि जंगलात पूर्वीसारखा येणार नाही, हे त्यालाही कळले आहे आणि अस्वलालाही कळत आहे. या निरोपाला प्रत्यक्षाची एक बोचरी बाजूही होती. मिल्न यांचा मुलगा ख्रिस्तोफर हाच पुस्तकातील ख्रिस्तोफर रॉबिन. पहिल्या महायुद्धात सोमच्या रणभूमीवर लढून आलेल्या बापाने मुलाची खेळणी घेऊन एक सुरक्षित जग रचले, जग त्याच्यावर लुब्ध झाले आणि मुलाला मात्र शाळेत त्याच गोष्टींवरून चिडवले गेले. बापाने आपले नाव वापरून घेतले, ही सल त्याच्या मनात दीर्घकाळ राहिली. पुढे त्याने डार्टमथ या गावात पुस्तकांचे दुकान चालवले आणि १९७४ मध्ये आत्मचरित्रातून हे सारे संयमाने सांगितले. टाकून दिलेल्या खेळण्यांचा आणि खेळणे बनवल्या गेलेल्या मुलाचा असा दुहेरी भयपट येथे तयारच होता. चित्रपटाने तो पहिल्या पाच-सात मिनिटांत रेखाचित्रांतून उरकला आणि उरलेला वेळ भाड्याच्या घरात सुट्टीला आलेल्या तरुणींच्या हत्येत घालवला.

हेच साहित्य सामर्थ्याने हाताळता येते, याचेही पुरावे आहेत. गिलेर्मो देल तोरो यांनी २०२२ च्या आपल्या ‘पिनोकिओ’त लाकडी मुलाला मुसोलिनीच्या इटलीत नेऊन ठेवले. सगळी आज्ञाधारक माणसे बाहुल्यांसारखी झालेल्या देशात खरी बाहुली तेवढी आज्ञा मोडते! ऑस्करने त्या चित्रपटाचा गौरव केला. नॉर्वेच्या एमिली ब्लिकफेल्ट यांचा २०२५ मधील ‘द अग्ली स्टेपसिस्टर’ हा तर अस्सल भयपट आहे. सिंड्रेलाची गोष्ट तो सावत्र बहिणीच्या बाजूने सांगतो. बुटात पाय बसावा म्हणून बहिणींनी बोट आणि टाच कापून घेतल्याचे ग्रिम बंधूंच्या कथेतच आहे. या चित्रपटातील मुलगी राजपुत्राला आवडावे म्हणून नाक फोडून सरळ करून घेते आणि बारीक होण्यासाठी पट्टकृमीचे अंडे गिळते. पाहणाऱ्याच्या पोटात ढवळते, पण ते ढवळणे रक्ताने होत नाही. सौंदर्यासाठी स्वतःला कापून घेणारी मुलगी कोणत्या काळातली, हे सांगावे लागत नाही. मराठी दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’ही या पंगतीत बसतो. नारायण धारपांच्या भयकथेचे बोट धरून आलेल्या त्या चित्रपटात मुलाला झोपवताना घातलेली भीती आणि मोठेपणीचा त्याचा लोभ एकाच दोराने बांधले आहेत.

फ्लोरिडातील वर्गाचा प्रश्न मात्र कलेच्या गुणवत्तेने सुटत नाही. ब्रिटनमध्ये ‘ब्लड अँड हनी’ला अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले होते. चित्रपटगृहाच्या दाराशी ते पुरेसे आहे. घरातील पडद्यावर नाव टाकून शोधणाऱ्या मुलासमोर ते दुबळे ठरते. २०१७ मध्ये यूट्यूबवर मुलांच्या लाडक्या पात्रांचे वेष घेतलेल्या हिंसक चित्रफितींचा सुळसुळाट उघडकीस आला, तेव्हा हीच गोष्ट दिसली होती. मूल नावावर आणि रंगांवर विश्वास ठेवते, शोधयंत्रही नावच जुळवते. भारतात २०२१ च्या नियमांनी ओटीटी मंचांवर वयोगटानुसार वर्गीकरण आणि पालकांसाठी कुलपाची सोय बंधनकारक केली आहे. ते कुलूप किती घरांत लावले जाते, हा ज्या-त्या घराचा प्रश्न. लेखनस्वातंत्र्याला हात न लावता करता येण्यासारखे एक काम आहे: प्रौढांसाठीच्या अशा चित्रपटांची भित्तिचित्रे आणि नावे मुलांच्या शोधात येणार नाहीत, एवढी व्यवस्था मंचांनी करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

सरकारी हस्तक्षेपाची वाट कोठे जाते, ते हाँगकाँगने दाखवले. मार्च २०२३ मध्ये तेथील आणि मकावमधील या चित्रपटाचे खेळ ऐनवेळी रद्द झाले. वितरकांनी कारण दिले नाही. चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांची तुलना पूशी केली जाते आणि ती चीनमध्ये खपत नाही, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे ज्या एका ठिकाणी चित्रपट अडला, तेथे मुलांचा विचार कोणाच्या मनातही नव्हता.

भारतीय कायद्याचे चित्र याहून वेगळे आणि काहीसे गुंतागुंतीचे आहे. येथे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क टिकतो. मिल्न १९५६ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचे पुस्तक भारतात २०१७ च्या आरंभीच, अमेरिकेच्या पाच वर्षे आधी मोकळे झाले. कोणी त्याचा भयपट केला नाही. साने गुरुजींचे साहित्य २०११ मध्ये मोकळे झाले. त्यानंतर ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांकडून स्वस्तात घरोघर गेली आणि २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी तिच्यावर नवा चित्रपट काढला. सार्वजनिक मालकीचा अर्थ विटंबना असाच होतो असे नाही, हे सांगायला एवढे उदाहरण पुरे.

शिवाय भारतीय कायद्यात कलम ५७ आहे. कृतीची मोडतोड होऊन लेखकाच्या मानाला वा लौकिकाला बाध येत असेल तर तो दाद मागू शकतो, मग हक्क त्याने विकलेले का असेनात. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे तत्त्व ठळकपणे मांडले. घटस्फोटित आईबापांत सापडलेल्या एका लहान मुलाची ती कथा होती. २०१२ च्या दुरुस्तीने या कलमातून मुदतीची अट गेली. त्यामुळे कृती सार्वजनिक मालकीत आल्यावरही लेखकाचे कायदेशीर वारस मोडतोडीविरुद्ध न्यायालयात जाऊ शकतात. वरवर पाहता ही ढाल अमेरिकेत नसलेली आणि हवीहवीशी. पण तिच्यामुळे ‘ब्लड अँड हनी’ अडेल, तसाच एखाद्या लाडक्या गोष्टीला सावत्र बहिणीच्या बाजूने सांगणारा धाडसी चित्रपटही अडू शकेल. मोडतोड कोणती आणि नवे वाचन कोणते, हे शेवटी न्यायाधीशाने ठरवायचे. आणि कलम बोलते ते लेखकाच्या लौकिकाविषयी, पात्राच्या नव्हे. अस्वलाच्या बदनामीचा दावा कोणत्याच देशात दाखल होत नाही.

भा. रा. भागवतांचे निधन २००१ मध्ये झाले. त्यांच्या फास्टर फेणेवरील हक्क आजच्या कायद्याप्रमाणे २०६१ अखेरपर्यंत आहेत. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क संपत आले तेव्हा सरकारने मुदत पन्नासवरून साठ वर्षांवर नेली होती. तसे पुन्हा काही झाले नाही, तर १ जानेवारी २०६२ च्या सकाळी फुरसुंगीचा तो काडीपहिलवान पोरगा कोणाच्याही हाती लागेल.